पंप गेला, टाकी गेली, पण खालच्या पाण्याचं काय?

इतिहासाच्या भागात आपण बहुतेक वेळा जमिनीवरच्या गोष्टी बोलतो. राजे, तह, कारखाने, संप. आज मात्र मी तुम्हाला जमिनीखाली नेणार आहे, आणि फार खोल नाही, दहा-वीस फूटच. तिथे एक लोखंडी टाकी आहे. किंवा होती. वरचा पेट्रोल पंप बंद झाला, जागा विकली गेली, तिथे आता कॉफीचं दुकान आहे. पण त्या टाकीतून वर्षानुवर्षं जे थेंब थेंब खाली गेलं, ते अजून तिथेच आहे का? आणि हे सांगणार कोण?

आजचा भाग आहे अमेरिकेचा, त्यातही जास्त करून कॅलिफोर्नियाचा. आपले जे श्रोते तिकडे राहतात त्यांनी एक गोष्ट नक्की पाहिली असेल. एखाद्या जुन्या पंपाच्या जागी, पार्किंगमध्ये किंवा फुटपाथवर, ताटलीएवढं गोल लोखंडी झाकण असतं. गटाराचं नव्हे, त्याहून लहान. त्याच्याखाली एक बारीक बोअर असते. पाणी प्यायला नाही, फक्त पाण्यावर लक्ष ठेवायला. तिला म्हणतात मॉनिटरिंग वेल, आपण निरीक्षण विहीर म्हणू. त्या झाकणाचा इतिहास म्हणजे आजची गोष्ट.

टाकी जमिनीखाली गेलीच का?

१८८५ साली अमेरिकेतल्या फोर्ट वेन या गावी सिल्व्हेनस बाउझर नावाच्या माणसाने एका किराणा दुकानदाराला एक पंप विकला. रॉकेल मोजून देणारा पंप. तेव्हा मोटारगाड्या नव्हत्या, घरात दिवे रॉकेलचे. सांगतात ते असं, की दुकानातलं रॉकेल लोण्याच्या पिंपापाशी गळायचं आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन यायचं. म्हणजे या धंद्याची सुरुवातच गळतीच्या तक्रारीतून झाली म्हणायची!

पुढे मोटारी आल्या. पेट्रोल रॉकेलपेक्षा कितीतरी लवकर पेट घेतं. भर वस्तीत पेट्रोलची टाकी उघड्यावर ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून टाकी जमिनीखाली पुरली. निर्णय शहाणपणाचा होता, आग खरोखरच कमी झाली. पण टाकी डोळ्याआड गेली.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हायवे आले, घरोघरी गाडी आली आणि चौकाचौकात पंप उभे राहिले. टाक्या बहुतेक साध्या पोलादाच्या, गंजापासून काहीही संरक्षण नसलेल्या. ओल्या मातीत पोलाद किती वर्षं टिकणार? कुठे पंधरा वर्षं, कुठे तीस. मग भोक पडतं. टाकीला नाही तर टाकीपासून पंपापर्यंतच्या पाइपच्या जोडाला.

मालकाला कळत नाही का? तर बघा, पेट्रोल किती उरलं हे टाकीत मोजपट्टी घालून बघायचे. आता दर सेकंदाला एक थेंब, एवढीच गळती धरा. थेंब साधारण ०.०५ मिलीलिटरचा. वर्षाचं गणित केलं तर दीड हजार लिटरच्या वर जातं. पण रोजचं बघितलं तर चार-सव्वाचार लिटर! हजारो लिटरच्या टाकीत मोजपट्टीवर हा फरक दिसतही नाही. थंडीगरमीने पेट्रोल आकसतं-फुगतं, तोच फरक यापेक्षा मोठा. त्यामुळे हिशोबाच्या वहीत सगळं आलबेल आणि खाली दीड हजार लिटर पेट्रोल मातीत.

टीव्हीवर आलं, मग कायदा आला

१९८०च्या सुमारास ठिकठिकाणी विहिरींना पेट्रोलचा वास यायला लागला. ऱ्होड आयलंड राज्यातल्या रिचमंड गावात कॅनोब पार्क नावाची वसाहत होती. घरोघरी स्वतःची विहीर. तिथल्या पाण्यात पेट्रोल उतरलं होतं. १९८३च्या डिसेंबरमध्ये 'सिक्स्टी मिनिट्स' या टीव्ही कार्यक्रमाने ही गोष्ट देशभर दाखवली. लोकांनी स्वतःच्या गल्लीतल्या पंपाकडे नव्याने बघितलं.

वर्षभरात कायदा झाला. ८ नोव्हेंबर १९८४ला रेगन यांनी सही केली आणि जमिनीखालच्या टाक्या पहिल्यांदाच केंद्रीय कायद्याखाली आल्या. १९८६मध्ये सफाईसाठी निधी उभा राहिला. दर गॅलन इंधनामागे एका सेंटचा दहावा भाग. १९८८ला सविस्तर नियम आले: जुन्या टाक्या बदला, गंजरोधक करा, गळती पकडणारी यंत्रणा बसवा, नाहीतर बंद करा. मुदत दिली दहा वर्षांची, २२ डिसेंबर १९९८पर्यंत.

तेव्हा नियमाखाली येणाऱ्या टाक्या होत्या वीस लाखांच्या वर. आज उरल्यात साडेपाच लाखांच्या आसपास. म्हणजे लाखो टाक्या या मुदतीच्या धाकाने बाहेर काढल्या गेल्या किंवा आत वाळू-सिमेंट भरून जागेवरच बंद केल्या गेल्या. कित्येक छोटे पंपवाले या खर्चाने कायमचे उठले. आणि खणताना काय सापडलं? काळपट, वासाची माती. आजवर त्या देशात साडेपाच लाखांहून जास्त गळत्यांची अधिकृत नोंद झाली आहे.

यात एक खाच आहे. घरच्या हीटरच्या तेलाची टाकी किंवा शेतावरची ११०० गॅलनपर्यंतची डिझेलची टाकी या केंद्रीय नियमातून वगळलेली. म्हणजे हा आकडा आहे तो फक्त मोजायचं ठरवलेल्या टाक्यांचा. काय मोजायचं आणि काय नाही, हा मुद्दा लक्षात ठेवा. आपली सगळी गोष्ट त्याच्यावरच फिरणार आहे.

टाकी काढली, मग बघायचं काय?

टाकी काढली की प्रश्न सुटला असं वाटतं. पण पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं. ते मातीतून झिरपत भूजलापर्यंत पोचतं आणि त्याच्यावर तरंगतं. पावसाळ्यात भूजल वर येतं, उन्हाळ्यात खाली जातं, आणि प्रत्येक वेळी पेट्रोल मातीच्या नव्या थराला फासलं जातं. भरलेला स्पंज कितीही पिळला तरी थोडं राहतंच, तसं. आणि त्यातून बेन्झीनसारखे पदार्थ हळूहळू पाण्यात विरघळत राहतात. बेन्झीनने रक्ताचा कॅन्सर होतो, हे सिद्ध झालेलं आहे. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा आहे ५ पीपीबी. पीपीबी म्हणजे अब्ज भागांत एक भाग. कॅलिफोर्नियाची मर्यादा त्याहून कडक, १ पीपीबी.

भूजल एका जागी बसून राहत नाही. ते उताराने सरकतं, दिवसाला काही सेंटिमीटर. त्यामुळे विरघळलेलं प्रदूषण पाण्याबरोबर एका दिशेने शेपटीसारखं लांबत जातं. त्याला प्लूम म्हणतात. धुराचा लोट वाऱ्याबरोबर जातो तसा, फक्त जमिनीखाली आणि अतिशय सावकाश.

मग ही शेपटी कुठे चालली हे वरून कसं कळणार? इथे निरीक्षण विहीर लागते, आणि एक पुरत नाही. निदान तीन लागतात, त्याही एका ओळीत नाही, त्रिकोणात. तिन्हींमधली पाण्याची पातळी मोजली की पाणी कुठल्या दिशेला उतरतंय ते काढता येतं. शाळेतली भूमिती, पण तिच्यावर शेजारच्या वस्तीचं पाणी अवलंबून!

बोअरमध्ये दोन किंवा चार इंची पीव्हीसी पाइप. त्याचा खालचा भाग बारीक खाचांचा, म्हणजे पाणी आत येईल, माती येणार नाही. बाहेरून वाळू, वाळूच्या वर बेन्टोनाइट नावाची फुगणारी माती, आणि वर सिमेंट. हे बूच नीट बसलं नाही तर पावसाचं घाण पाणी थेट खाली जाईल, आणि बघायला केलेली विहीरच प्रदूषणाची वाट बनेल.

दर तीन महिन्यांनी एक माणूस येतो, झाकण उघडतो. आधी पाण्याची पातळी, मग वर पेट्रोलचा थर तरंगतोय का. मग हळूहळू पाणी उपसायचं. घाईने उपसलं तर गढूळ होतं आणि निकाल बिघडतो. नमुना घ्यायचा ४० मिलीलिटरच्या काचेच्या बाटलीत, काठोकाठ. झाकण लावून बाटली उलटी करायची आणि टिचकी मारायची. आत बुडबुडा दिसला की नमुना बाद! कारण बेन्झीन उडून त्या बुडबुड्यात जातं आणि पाणी खोटंच स्वच्छ दिसतं. मग बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत.

मला या सगळ्यात हा टिचकीचा भाग फार आवडतो. हजारो डॉलर्सचं काम, वकील, अहवाल, आणि शेवटी सगळं एका बुडबुड्यावर येऊन थांबतं.

१९९५: एकाच वर्षात दोन बातम्या

आता गोष्टीचा गाभा. १९९५ साली कॅलिफोर्नियात गळक्या टाक्यांच्या हजारो फायली उघड्या होत्या आणि सफाईचा खर्च वाढत चालला होता. राज्याने लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेला विचारलं, की हे सगळं साफ करायची खरंच गरज आहे का? ऑक्टोबर १९९५मध्ये अहवाल आला. त्यांनी निरीक्षण विहिरींचे वर्षानुवर्षांचे आकडे एकत्र केले होते. निष्कर्ष असा, की बेन्झीनची शेपटी बहुतेक ठिकाणी अडीचशे फुटांच्या आतच थांबते. पुढे जातच नाही.

का थांबते? कारण मातीतले जीवाणू बेन्झीन खातात. प्राणवायू असेल तर झपाट्याने, नसेल तर नायट्रेट, लोह, सल्फेट वापरून हळूहळू. एका बाजूने टाकीकडून बेन्झीन येतंय, दुसऱ्या बाजूने जीवाणू ते संपवताहेत, आणि कुठेतरी तोल साधला जातो. मग उगाच पंप लावून उपसत बसण्यापेक्षा निसर्गाला त्याचं काम करू द्या, आपण लक्ष ठेवू. शास्त्र म्हणून यात काहीच खोटं नव्हतं.

पण त्याच वर्षी, अहवालाच्या दोनच महिने आधी, लॉस एंजेलिसशेजारच्या सांता मोनिका शहराच्या चारनॉक विहिरींमध्ये एक वेगळंच रसायन सापडलं होतं. एमटीबीई.

हा एमटीबीई आला कुठून? तर चांगल्या हेतूने आला. पेट्रोलमधलं शिसं विषारी म्हणून ते काढायला सुरुवात झाली आणि १९७९पासून त्याच्या जागी एमटीबीई येऊ लागलं. मग १९९०च्या हवा-शुद्धीच्या कायद्याने सांगितलं, की जास्त प्रदूषित शहरांत पेट्रोलमध्ये प्राणवायू असलेला पदार्थ मिसळा, म्हणजे ते पूर्ण जळेल. कंपन्यांनी जास्त करून एमटीबीई निवडलं, काही ठिकाणी पेट्रोलच्या ११ टक्क्यांपर्यंत. शहरांची हवा सुधारायची होती, पाण्याचा विचार मागे पडला.

एमटीबीई पाण्यात सहज विरघळतं, मातीला चिकटत नाही, आणि जीवाणूंना ते खायला आवडत नाही. म्हणजे बेन्झीनला जी जी गोष्ट थांबवते ती एमटीबीईला थांबवत नाही. ते पाण्याच्या वेगाने पाण्याबरोबर चालत राहतं. आणि हे कुणालाच माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. १९८८मध्येच कॅनडात, बोर्डन इथल्या लष्करी तळाच्या जागेत, वॉटरलू विद्यापीठाच्या संशोधकांनी मुद्दाम बेन्झीन आणि एमटीबीई विरघळलेलं पाणी भूजलात सोडून प्रयोग केला होता. सोळा-एक महिने नमुने घेतले. बेन्झीन वाटेत घटत गेलं. एमटीबीई जवळजवळ तसंच पुढे गेलं.

मग लिव्हरमोरच्या अहवालात हे का नाही दिसलं? कारण तो अहवाल बेन्झीनचा होता. विहिरी होत्या, नमुने होते, बाटल्या होत्या, बुडबुडेही तपासले होते. पण तोपर्यंत बहुतेक जागी नमुन्यात एमटीबीई शोधायची पद्धतच नव्हती. प्रयोगशाळेला जे विचाराल तेच ती सांगते. फॉर्मवर एमटीबीईचा रकाना नव्हता, म्हणून उत्तरातही तो नव्हता.

एका शहराचं अर्धं पाणी

१९९६च्या मध्यापर्यंत सांता मोनिकाने चारनॉकच्या विहिरी बंद केल्या. तिथे पातळी ६०० पीपीबीच्या वर गेली होती. आर्केडिया नावाच्या दुसऱ्या विहीरक्षेत्रातही एमटीबीई सापडलं आणि तेही बंद झालं. शहराच्या पाण्याचा जवळजवळ अर्धा भाग एका झटक्यात गेला, आणि पाणी बाहेरून विकत घ्यायची वेळ आली.

एक हिशोब मी स्वतः करून बघितला. ११ टक्के एमटीबीई असलेल्या एक लिटर पेट्रोलमध्ये एमटीबीई असतं सुमारे ८० ग्रॅम. पाण्याला वास-चव येऊ नये म्हणून कॅलिफोर्नियाने पुढे मर्यादा ठरवली ५ पीपीबी, म्हणजे लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम. भागाकार करा: १ कोटी ६० लाख लिटर. आपल्याकडचे दहा हजार लिटरचे टँकर धरले तर सोळाशे टँकर! एका लिटर पेट्रोलमुळे. आता ती दर सेकंदाला एका थेंबाची गळती आठवा.

मग तपास सुरू झाला. चारनॉकच्या आसपास सव्वा मैलात दोन डझनांहून जास्त संशयित जागा निघाल्या. चालू पंप, बंद पंप, पाइपलाइन. प्रत्येक जागेभोवती नव्या विहिरी, प्रत्येकात आता एमटीबीईचा रकाना. दोष कुणाचा हे ठरवायला त्याच नमुन्यांचे आकडे कामाला आले. खटले झाले, २००३मध्ये मोठ्या तेल कंपन्यांशी तडजोड झाली, शुद्धीकरणाचा प्रकल्प उभा राहिला. चारनॉकचं पाणी पुन्हा नळाला आलं ते २०१०-११च्या सुमारास. मधे साधारण पंधरा वर्षं गेली. १९९५ला जन्मलेलं मूल तोवर शाळा संपवायला आलं होतं.

मार्च १९९९मध्ये गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी एमटीबीई टप्प्याटप्प्याने बंद करायचा आदेश काढला. अंमल लांबत लांबत २००४ उजाडलं. २००५च्या केंद्रीय कायद्यानंतर तर देशभरातूनच ते जवळपास नाहीसं झालं.

थांबायचं कधी?

निरीक्षणाचा सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे. दर तिमाहीला माणूस, बाटल्या, प्रयोगशाळा, अहवाल. पैसा जातो. वीस वर्षं आकडे हळूहळू उतरताहेत, मग अजून किती वर्षं?

कॅलिफोर्नियाने २०१२मध्ये याचं उत्तर लेखी दिलं, कमी धोक्याच्या जागा बंद करण्याचं धोरण म्हणून. त्यात ठरलेल्या पायऱ्या आहेत. उदाहरणार्थ, शेपटी शंभर फुटांपेक्षा आखूड असेल, तरंगतं पेट्रोल नसेल, आणि सगळ्यात जवळची पिण्याची विहीर शेपटीच्या टोकापासून अडीचशे फुटांहून लांब असेल, तर फाइल बंद करता येते. आणखी एका पायरीत शेपटी अडीचशे फुटांच्या आत आणि विहीर हजार फुटांहून लांब असेल, तर बेन्झीन ३००० पीपीबीपर्यंत चालतं. पिण्याची मर्यादा १, आणि जागा बंद करायची ३०००!

ऐकायला धक्कादायक वाटतं, पण माझं मत विचाराल तर मी याला फसवणूक म्हणणार नाही. जिथे कुणी पाणी पीत नाही आणि जीवाणू काम करताहेत, तिथे लाखो डॉलर घालण्यापेक्षा तोच पैसा सांता मोनिकासारख्या जागी गेलेला बरा. मला खटकतं ते दुसरं. हे सगळं गणित उभं आहे 'जवळ विहीर नाही' या एका वाक्यावर. आज नाही, पण उद्या दुष्काळ पडला आणि कुणी शेजारी बोअर घेतली तर?

फाइल बंद झाली की निरीक्षण विहिरी सिमेंटने भरून टाकतात. ते बरोबरच आहे, रिकामी बोअर म्हणजे घाणीला खाली जायचा रस्ता. पण त्याबरोबर डोळाही बंद होतो. मग उरतं ते फक्त कागदावरचं. इथे कॅलिफोर्नियाने केलेली एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. एमटीबीईच्या गोंधळानंतर त्यांनी जिओट्रॅकर नावाचा नकाशा उघडला. फोनवर कुणीही बघू शकतं: कुठल्या चौकात टाकी होती, कुठे विहिरी होत्या, कुठल्या तारखेला काय सापडलं, फाइल कधी बंद झाली आणि मागे काय ठेवून बंद झाली.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडचे पंपही टाक्या जमिनीखालीच ठेवतात. आणि दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक म्हणजे आपला काळा कातळ. वाळूत पाणी सरळ उताराने जातं, बेसॉल्टमध्ये ते भेगांतून जातं. त्रिकोणातल्या तीन विहिरींची सोपी भूमिती इथे चकवू शकते. भेग एका बाजूला, विहिरी दुसऱ्या बाजूला.

दुसरी म्हणजे इथेनॉल. आता आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आणि त्यातलं काही आपल्याच उसातून येतं. इथेनॉल एमटीबीईसारखं हट्टी नाही, जीवाणू ते आवडीने खातात. पण पंगतीत ते आधी बसतं. जीवाणू इथेनॉल खाण्यात प्राणवायू संपवतात आणि बेन्झीन ताटकळत राहतं. त्यामुळे बेन्झीनची शेपटी लांबू शकते, हे अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे 'अडीचशे फूट' हा आकडा जसाच्या तसा उचलून आपल्याकडे चालणार नाही.

मंडळी, चाळीस वर्षांच्या या इतिहासात यंत्रं फारशी चुकली नाहीत. विहिरी बरोबर खणल्या, बाटल्या बरोबर भरल्या. चुकलं ते तपासणीचा फॉर्म लिहिताना. म्हणून पुढच्या वेळी कुणी तुम्हाला 'पाणी तपासलंय, स्वच्छ आहे' असं सांगितलं, तर एवढंच विचारा: कशासाठी तपासलं, कुठून घेतलं, आणि शेवटचं कधी?

तुमच्या गावात जुना पंप बंद होऊन तिथे दुसरं काही उभं राहिलं असेल, तर आम्हाला जरूर कळवा. आणि हा भाग आवडला तर घरच्या ग्रुपवर टाका.